अठरा भेटी: स्कॉटी आणि एका चाहतीचं पत्र

चाहत्यांच्या टपालात एक पत्र निराळं निघालं. लिहिणारी तरुण मुलगी होती. तिला सही नको होती, फोटोही नको होता. आपल्याला आता जगायचं नाही, एवढंच तिला कळवायचं होतं. ज्याला ते लिहिलं त्याची आणि तिची काडीची ओळख नव्हती. तिची ओळख होती ती ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या ‘एंटरप्राइज’ नावाच्या अवकाशयानाच्या मुख्य इंजिनियरशी, आणि ते यान स्टुडिओतल्या लाकूड-पुठ्ठ्याचं होतं. पत्र वाचून त्या इंजिनियरचं काम करणाऱ्या जेम्स डूहान या नटाने तिला फोन लावला. आपलं नाव सांगितलं आणि लगेच जोड दिली: ‘स्टार ट्रेक’मधला स्कॉटी.

या फोनभोवती हे प्रकरण मांडतो आहे. हकिगत डूहानने स्वतः ‘ट्रेकीज’ या १९९७ सालच्या माहितीपटात कॅमेऱ्यासमोर सांगितली. ती एकतर्फी आहे, हे आधीच कबूल करून टाकू. त्या मुलीची बाजू आपल्यापर्यंत आलेली नाही. डूहानने तिचं नावही सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं.

मावळलेला टीव्ही नट आणि विज्ञानकथांचे कट्टर चाहते म्हटलं की आपल्या मनात दोनच भावना उठतात, कीव किंवा चेष्टा. पोट सुटलेला नट, त्याच्यासमोर नकली टोकदार कान लावून उभी असलेली चांगली कर्ती-सवरती माणसं, आणि जुन्या संवादांची फर्माईश. डूहानचं प्रकरण या चित्रात बसत नाही. ते का बसत नाही हे समजायला त्या फोनच्या बरंच मागे जावं लागतं.

स्कॉटीच्या आधीचा माणूस

जन्म ३ मार्च १९२०, कॅनडातलं व्हँकुव्हर. दुसऱ्या महायुद्धात हा कॅनडाच्या तोफखान्यात लेफ्टनंट होता आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरला. अख्खा दिवस शत्रूच्या तडाख्यातून निभावला. रात्री साडेअकराच्या सुमाराला मात्र आपल्याच बाजूच्या एका बिथरलेल्या पहारेकऱ्याने त्याच्यावर ब्रेन गन ही हलकी मशीनगन चालवली. सहा गोळ्या लागल्या. चार पायात शिरल्या. छातीवर आलेली पाचवी भावाने भेट दिलेल्या चांदीच्या सिगारेट केसवर आपटून वळली. सहावीने उजव्या हाताचं मधलं बोट नेलं. पुढे आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर तो हात शक्यतो आड ठेवण्याची त्याला सवय लागली. एखाद्या दृश्यात तो हात ओझरता दिसून जातो, आणि ती जागा ठाऊक असणं ही चाहत्यांमध्ये मिरवण्याची गोष्ट असते.

युद्धानंतर रेडिओ, न्यूयॉर्कच्या नेबरहूड प्लेहाउसमध्ये अभिनयाचं शिक्षण, मग कॅनडा आणि अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवर मिळतील ती कामं, आणि ती त्याला भरपूर मिळत. हा मुळात आवाजाचा माणूस. १९६५ साली ‘स्टार ट्रेक’च्या ऑडिशनला त्याने वेगवेगळ्या देशांचे हेल एकामागून एक काढून दाखवले. यातला तुला कोणता पटतो, असं विचारल्यावर तो म्हणाला, इंजिनियर दाखवायचा असेल तर तो स्कॉटिशच हवा. पात्राचं नाव ठरलं माँटगोमेरी स्कॉट. माँटगोमेरी हे डूहानचं स्वतःचं मधलं नाव. पुढे जो शिक्का त्याच्या कपाळी बसला, तो निम्मा त्यानेच कोरून दिला होता.

घरोघरी चेहरा, हाताला काम नाही

मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी तिचा शेवटचा भाग लागला. तीन हंगाम, ७९ भाग. दुसऱ्या हंगामातच ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीवर लाखाच्या वर पत्रांचा मारा केला. अखेर १ मार्च १९६८ च्या भागानंतर वाहिनीला पडद्यावरूनच सांगावं लागलं की मालिका चालू राहील. पण तिसऱ्या हंगामाला वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. ज्या कॉलेजच्या पोरांनी पत्रं लिहिली होती, ती शुक्रवारी रात्री दहाला टीव्हीपुढे कशाला बसतील? वर्षभरात मालिका संपली.

डूहान तेव्हा ४९ वर्षांचा होता. इथून पुढचा हिशेब मला सगळ्यात चमत्कारिक वाटतो. बंद पडलेली मालिका गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांनी विकत घेतली आणि संध्याकाळी, मुलं घरी असतात त्या वेळी, रोज दाखवायला सुरुवात केली. १९७२ पर्यंत ती अमेरिकेतल्या शंभरावर शहरांत चालू होती. जिवंतपणी मिळाला नव्हता एवढा प्रेक्षक तिला मेल्यावर मिळाला. पण त्या काळच्या करारांत पुनर्प्रसारणाचं मानधन ठरावीक फेऱ्यांपुरतंच असे. कलाकारांच्या संघटनेने दर फेरीचे पैसे कायमचे मिळवले ते १९७४ च्या करारात, आणि त्याआधीच्या मालिकांतल्या नटांच्या पदरात त्यातलं काही पडलं नाही. म्हणजे डूहानचा चेहरा रोज संध्याकाळी घरोघरी दिसत होता आणि त्याबद्दल घरी चेक येत नव्हता.

बरं, चेहरा दिसतो तर निदान नवं काम तरी मिळावं. तेही नाही. मालिका पडद्यावरून गेली असती तर दोन-चार वर्षांत लोक विसरले असते आणि हा माणूस पुन्हा डॉक्टर, शेरीफ, बोटीचा कप्तान, काहीही झाला असता. पण ती रोज लागत होती, म्हणून स्कॉटी रोज ताजा होत होता. भूमिका ठरवणारी मंडळी डूहानला बघायची आणि त्यांना स्कॉटिश इंजिनियर दिसायचा, ज्याची त्यांच्या कथेत गरज नसायची. अनेक हेल लीलया काढणाऱ्या माणसाला त्यातल्या एकानेच डांबून टाकलं.

या काळात त्याने एकदा आपल्या दातांच्या डॉक्टरपाशी रड गायली. डॉक्टरने सरळ सांगितलं की तू मेल्यानंतरही लोक तुला स्कॉटी म्हणूनच ओळखणार आहेत, तेव्हा झगडू नकोस, वाहतंय त्याबरोबर जा. डूहानने हा सल्ला मानला आणि नंतर सगळं छान झालं, असं तो मुलाखतीत सांगत असे. इतक्या मोठ्या गाठीची उकल दाढ तपासणाऱ्या माणसाने करावी, यात काहीतरी गंमत आहे. पण मला वाटतं, अशी गोष्ट धंद्याबाहेरच्या माणसालाच दिसते. एजंटला ती दिसली नसती, कारण एजंटला पुढची भूमिका मिळवायची असते.

त्याच्या बरोबरीच्यांनी हाच शिक्का निरनिराळ्या रीतीने सोसला. मालिकेत टोकदार कानांचा स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयने १९७५ साली आपण स्पॉक नाही असं ठणकावणाऱ्या शीर्षकाचं पुस्तक काढलं, चाहते दुखावले, आणि वीस वर्षांनी त्याने आपण स्पॉक आहोत असं म्हणणारं दुसरं पुस्तक लिहिलं. यानाचा कप्तान झालेल्या विल्यम शॅटनरने १९८६ च्या डिसेंबरात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या एका विनोदी प्रवेशात मेळाव्याला जमलेल्या चाहत्यांना जरा स्वतःचं आयुष्य जगा म्हणून झापलं. प्रवेश लिहिलेला होता, पण कित्येकांना ते मनातलं बोलणं वाटलं. डीफॉरेस्ट केली, म्हणजे मालिकेतला डॉक्टर मॅकॉय, याला आपल्यामुळे मुलं वैद्यकीय शिक्षणाकडे वळली याचा अभिमान होता. डूहानची वाट केलीच्या जवळची, फक्त तो त्या वाटेवर जास्त दूर चालत गेला.

टेबलाच्या दोन बाजू

१९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात फक्त ‘स्टार ट्रेक’साठी म्हणून एक मेळावा भरला. येतील पाचेकशे माणसं, असा भरवणाऱ्यांचा अंदाज होता. तीन हजारांच्या वर लोटली. पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला डूहान आणि मालिकेतला त्याचा सहकलाकार जॉर्ज टाकेई हजर होते. बघता बघता हे मेळावे शहरोशहरी भरू लागले आणि नटांसाठी तो एक धंदाच झाला. शनिवार-रविवार हॉटेल, मंचावर तासभर गप्पा आणि प्रश्नोत्तरं, मग टेबलामागे बसून सह्या.

त्या टेबलाकडे नीट पाहण्यासारखं आहे, कारण या प्रकरणाचं सगळं यंत्र तिथे आहे. रांगेतला माणूस तासभर उभा राहून पुढे येतो आणि त्याच्या वाट्याला फार तर अर्धा मिनिट येतं. त्याच्यासाठी ही वर्षानुवर्षं मनात घोळवलेली भेट आहे. नटासाठी तो सकाळपासूनचा चारशेवा चेहरा. चाहत्याला नटाचे संवाद तोंडपाठ असतात आणि नटाला चाहत्याचं नाव स्पेलिंगसकट विचारून घ्यावं लागतं. ओळख पूर्णपणे एका बाजूची, आणि तरी दोघांनाही ती दुहेरी असल्यासारखं वागायचं असतं. यात नट वाकडा वागला तर त्या अर्ध्या मिनिटात चाहत्याचं फार मोठं काहीतरी मोडू शकतं. चाहता वाकडा वागला तर नटाला रात्री हॉटेलच्या खोलीत एकट्याला ते गिळावं लागतं.

विज्ञानकथांचा चाहता आणखी एका बाबतीत वेगळा. त्याला नटाच्या प्रेमप्रकरणांत फारसा रस नसतो. तो कथेच्या आतून बोलतो. अमुक भागात इंजिनाला धोका होता तेव्हा तमुक उपाय का केला नाही, हा त्याचा प्रश्न, आणि तो गंभीर असतो. ऐकणाऱ्याला हसू येतं. पण यातल्या कितीतरी जणांना शाळेत, कचेरीत, घरी या विषयावर तोंड उघडायची सोय नसते. वर्षातून दोन दिवस त्यांना असं सभागृह मिळतं, जिथे कोणी भुवया उंचावत नाही. अशा ठिकाणी ‘तो सगळा पुठ्ठा होता हो’ असं म्हणणारा नट खरं बोलतो आणि तरी चुकतो.

डूहान या टेबलावर रमला. त्याला पाहून लोक ‘बीम मी अप, स्कॉटी’, म्हणजे मला वर यानात खेचून घे, असं ओरडत. मूळ मालिकेत हे वाक्य अगदी याच शब्दांत कोणी कधी उच्चारलेलं नाही, पण त्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. महामार्गावर ताशी सत्तर मैलांच्या वेगाने, चार लेन ओलांडून लोकांनी आपल्याला हे वाक्य ऐकवलंय, असं तो कौतुकाने सांगे. कंटाळा आला नाही का, या प्रश्नाला त्याचं उत्तर नाही असंच असे. १९९६ सालच्या आत्मचरित्राला त्याने तेच वाक्य शीर्षक म्हणून दिलं.

यात पैशाचा भाग होता का? अर्थात होता. मेळावे आणि व्याख्यानं हीच त्याची रोजीरोटी झाली होती. पण जे मानधन करारांनी त्याला नाकारलं, ते रांगेत उभं राहून चाहत्यांनी चुकतं केलं, असाही हा हिशेब मांडता येतो. माझ्या मते तोच जास्त बरोबर आहे.

फोनवर काय ठरलं

आता पुन्हा त्या पत्राकडे. फोनवर डूहानने नाव सांगितलं, स्कॉटी सांगितलं, आणि मग तिला म्हणाला की इंडियानापोलिसला माझा कार्यक्रम आहे, मला तू तिथे दिसायला हवीस.

ती आली. तिची अवस्था पाहून आपण हादरलो, असं तो सांगतो. पत्रातलं लिहिणं खरं होतं, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. हिला कोणीतरी मदत करायला हवी आणि ज्यांच्याकडे जायला हवं तिथे ही जात नाहीये, हेही त्याला कळलं. त्याने तिला सांगितलं, दोन आठवड्यांनी मी सेंट लुईसला आहे, तिथे ये. ती तिथेही आली. मग पुढचं शहर, मग त्याच्या पुढचं. न्यूयॉर्कलासुद्धा आली. प्रवासाचा खर्च तिला झेपत होता. हे दोन-तीन वर्षं चाललं, डूहानच्या अंदाजाने अठरा वेळा. या भेटींत आपण काय केलं, तर तिच्याशी उमेद वाढेल असं बोललो, एवढंच तो सांगतो.

हकिगत सांगणारे बहुतेक जण या शेवटच्या वाक्यावर थांबतात आणि चांगुलपणाचं कौतुक करतात. माझं लक्ष शहरांच्या नावांवर जातं.

चाहत्याच्या आयुष्यात नट भेटायला हवा असतो. धडपड चाहत्याची, रांग चाहत्याची. इथे नटाने ते उलटं केलं. मला तू दिसायला हवीस, असं म्हटल्यावर इंडियानापोलिसच्या त्या सभागृहात तिची वाट पाहणारं कोणीतरी होतं. ती गेली नसती तर एका माणसाला ते जाणवलं असतं. जिला आपलं असणं-नसणं सारखंच वाटत होतं, तिला त्याने न जगण्याबद्दल एक शब्दही न बोलता हे कळवलं. निदान मला तरी त्या वाक्याचं वजन असं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. ‘कधीही फोन कर’ असं आपण संकटातल्या माणसाला सहज म्हणून जातो. त्यात फोन करण्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर राहतं, आणि खचलेल्या माणसाला तेच जमत नसतं. डूहानने तिला दिवस आणि गाव दिलं. प्रत्येक भेट संपताना पुढची ठरलेली. पंधरा दिवस काढायचे आहेत एवढंच तिच्यासमोर होतं, सगळं आयुष्य नव्हतं. हे त्याने आखून केलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्यापाशी द्यायला मेळाव्यांचं वेळापत्रक होतं, त्याने ते दिलं. पण फिरत्या नटाचं वेळापत्रक इतकं नेमकं कामाला येईल, हे कोणाच्या ध्यानी आलं असतं?

आणि तिसरी, जागा. तो तिच्या घरी गेला नाही आणि तिला आपल्या घरी बोलावलं नाही. भेटी झाल्या त्या मेळाव्यांच्या शहरांत. तिथे इतरही शेकडो जण होते, तिच्यासारखेच त्या यानावर जीव टाकणारे. दोन-तीन वर्षं फिरताना त्यातल्या कोणाशी तिचं जुळलं का, हे हकिगतीत येत नाही. मी मात्र पैज लावायला तयार आहे की अठरापैकी एखाद्या मेळाव्यात तरी ती डूहानच्या रांगेत उभी राहता राहता पुढच्या-मागच्याशी बोलली असेल.

शिक्क्याचा मुद्दा इथे पुन्हा येतो. जेम्स डूहान नावाच्या, चांगली कामं केलेल्या एका नटाने तिला फोन केला असता, तर ते एका अनोळखी म्हाताऱ्याचं बोलणं ठरलं असतं. स्कॉटीचा फोन मात्र कोणीही घेतला असता. ज्या नावाने त्याची कामं हिरावली, ते त्याने पहिल्याच वाक्यात स्वतःहून पुढे केलं. आपण स्कॉटी नाही हे जगाला पटवण्यात जो नट वर्षं घालवत असतो, त्याच्या तोंडून ते इतक्या सहज निघालं नसतं.

खटकतं ते

हे प्रकरण आदर्श म्हणून भिंतीवर टांगू नये. डूहानला अशा कामाचं कसलंही शिक्षण नव्हतं. मुलगी इंडियानापोलिसला आली नसती तर? आली आणि चौथ्या भेटीत तो आजारी पडून गैरहजर राहिला असता तर? एका माणसाच्या पुढच्या तारखेवर जीव टांगून ठेवण्यात मदत आहे तसा धोकाही आहे. आज एखाद्या कलाकाराला असं पत्र आलं तर त्याने ते त्या मुलीच्या जवळच्यांपर्यंत आणि मानसोपचाराची माहिती असलेल्या माणसांपर्यंत त्याच दिवशी पोचवावं. फोन करायचाच तर तो त्याच्या जोडीला. योग्य लोकांकडे ती जात नाहीये हे डूहानला दिसलं होतं. तिला तिकडे वळवण्याचा त्याने प्रयत्न केला का, हे त्याच्या सांगण्यात नाही. मला ती जागा रिकामी वाटते.

शिवाय तिला प्रवास परवडत होता. ज्या मुलीला परवडला नसता, तिच्यासाठी सेंट लुईस म्हणजे चंद्रच. असं पत्र आणखी कोणी लिहिलं असेल आणि ते गठ्ठ्यात तसंच राहिलं असेल, ही शक्यताही मनातून जात नाही. जे वाचलं त्याचीच गोष्ट सांगितली जाते.

एका बाबतीत मात्र माझं मत दोनदा बदललं. डूहान म्हणतो की आपण तिचा पत्ता कधी जपून ठेवला नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा निष्काळजीपणा वाटला. नंतर वाटलं, यात शहाणपण आहे. ती आली तर भेटायचं, नाही आली तर तिच्यामागे लागायचं नाही. येणं तिच्या हातात राहिलं. आता पुन्हा वाटतं की त्याने यातलं काहीच ठरवलं नसावं, पत्रं ढिगाने येत आणि पत्ता हरवला, इतकंच. पण मग शेवटच्या भेटीनंतर जे झालं ते त्याला फार जड गेलं असणार.

कारण एके दिवशी ती यायची थांबली. पत्र नाही, फोन नाही. ती बरी होऊन आपल्या मार्गाला लागली की उलट झालं, हे कळायला त्याच्यापाशी काही साधन नव्हतं. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाचं हे नेहमीचंच आहे. लोक येतात, आयुष्यातली सगळ्यात खाजगी गोष्ट अर्ध्या मिनिटात सांगून टाकतात आणि निघून जातात, पुढचा भाग कधीच कळत नाही. इथे मात्र भेटी अठरा होत्या.

आठ वर्षांनी

आठ वर्षांनी तिचं पत्र आलं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल आभार, मी नुकतीच इलेक्ट्रॉनिक इंजिनियरिंगची मास्टर्स पदवी घेतली आहे, असा मजकूर होता. आपण आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं डूहान त्या माहितीपटात म्हणतो. दर वेळी सांगताना डोळ्यांत पाणी येतं, असंही म्हणतो. नॉर्मंडीत सहा गोळ्या खाल्लेला माणूस हे म्हणतो आहे, हे लक्षात ठेवून ते ऐकावं.

विषयाची निवड योगायोग असेलही. पण स्कॉटीला पाहून इंजिनियरिंगकडे वळलेली ती एकटी नव्हती. मिलवॉकी स्कूल ऑफ इंजिनियरिंगने डूहानला मानद डॉक्टरेट दिली, कारण तिथल्या अनेक विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात येण्याचं कारण म्हणून स्कॉटीचं नाव सांगितलं होतं. डूहान स्वतः इंजिनियर नव्हता. ज्या यानाची दुरुस्ती तो करायचा, त्याचं इंजिन कशावर चालतं हे पटकथालेखकांनी सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक.

२००४ च्या जुलैत त्याला अल्झायमर झाल्याचं जाहीर झालं. ऑगस्टच्या अखेरीस चाहत्यांनी आणि सहकाऱ्यांनी हॉलिवूडमध्ये त्याच्या निरोपाचा मेळावा भरवला. त्याच सुमाराला, ३१ ऑगस्ट रोजी, हॉलिवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा तारा बसला. डूहान चाकाच्या खुर्चीत होता. निरोपाच्या समारंभात बोलायला नील आर्मस्ट्राँग आला. हा माणूस मेळाव्यांना सहसा जात नसे, जाहीर कार्यक्रमच टाळायचा. कधी काळी आपल्याला एखाद्या अवकाशयानाचं कप्तानपद मिळालं तर इंजिनियर कोण हवा हे आपल्याला ठाऊक आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला, आणि एका म्हाताऱ्या इंजिनियरकडून दुसऱ्या म्हाताऱ्या इंजिनियरला म्हणून त्याने डूहानचे आभार मानले.

दोघांपैकी पदवी एकाचीच खरी होती. सभागृहात कोणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.